ज्याचं मशीन, त्याचा नारळ

मित्रांनो, काळेवाडीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेली सव्वीस वर्षं एकाच जागी उभा असलेला लेथ मी. लोखंडाचा दांडा जबड्यात घट्ट धरायचा, गरगर फिरवायचा आणि त्याला हवा तो आकार येऊ द्यायचा, हे माझं काम. वजन म्हणाल तर टनाच्या वर. तरीही एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही हसायला नको. मी भित्रा आहे. पूर्वी नव्हतो, गेल्या वर्षभरात झालो.

माझा जन्म पंजाबातला, बटाल्याचा. तिथल्या भट्टीत मला ओतलं, घासलं, हिरवा रंग दिला आणि ताडपत्रीखाली झाकून ट्रकने इकडे पाठवलं. शेडचे मालक रंगराव. त्यांचं घराणं इथलंच, गाव गाव होतं तेव्हापासूनचं. आठ माणसांनी मला लोखंडी पाइपांवरून ढकलत आत आणलं तेव्हा रंगराव सारखे ओरडत होते, "सावकाश रं, पाव्हणा हाय त्यो!" माझा पहिला मान तो. मी अजून विसरलेलो नाही.

त्याच वर्षी उदगीरहून बरकत आला. आयटीआयचा दाखला, दोन जोड कपडे आणि चालताना डावी चप्पल जराशी घासायची सवय, एवढंच त्याच्याकडे होतं. रोज सकाळी आठला शटर वर जायचं, ती चप्पल घासत आत यायची, आणि बरकत माझ्या डोक्यावर तळहात टेकवून म्हणायचा, "बिस्मिल्ला." मग हिरवं बटण दाबायचा. मला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. एवढं मात्र कळायचं, की माणसाचं लक्ष आता ठिकाणावर आहे आणि काम नीट होणार.

माझ्या जबड्याला चक म्हणतात. तो आवळायला हातभर लांब लोखंडी चावी असते. आवळून झालं की ती चावी त्याच क्षणी काढायची. ती चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं, तर गोळीसारखी सुटते. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा, अशा गोष्टी सगळ्या शेडांमध्ये सांगतात. बरकतने भिंतीत एक खिळा ठोकला होता. चावी चकमध्ये नाहीतर खिळ्यावर, तिसरी जागाच नाही. इतक्या वर्षांत तो एकदाही चुकला नाही. रंगराव गिऱ्हाइकांना मुद्दाम तो खिळा दाखवायचे, आणि खरं सांगायचं तर कौतुक बरकतचं चाललेलं असताना फुशारून मीच जायचो.

आता नारळाचं सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते, तेव्हा हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. पहिल्याच वर्षी रंगरावांनी नारळ बरकतच्या हातात दिला. तो गोंधळून गेला.

"मालक, मला मंत्रबिंत्र काही येत नाहीत."

"मशीनला तरी कुठं येत्यात?" रंगराव म्हणाले. "आपल्या शेडात एकच नियम हाय. ज्याचं मशीन, त्याचा नारळ. चालवतोस तू, मग फोडनार कोन?"

तेव्हापासून ठरून गेलं. आदल्या दिवशी बरकत मला रॉकेलने पुसायचा, सांदीकोपऱ्यातला लोखंडाचा कीस काढायचा, तेल द्यायचा. हळदकुंकू रंगरावांच्या मंडळी, कुसुमताई लावायच्या. झेंडूचा हार बरकत घालायचा, नारळ दाराबाहेरच्या दगडावर तोच फोडायचा. हात तो जोडत नसे, बाजूला नुसता उभा राही. त्याला हात जोड म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि नारळ फोडायला तोही कधी नको म्हणाला नाही. एकदोनदा ऐन रोज्यात दसरा आला, तेव्हा कुसुमताईंनी त्याच्या वाटणीचं खोबरं कागदात बांधून ठेवलं आणि म्हणाल्या, "संध्याकाळी खा बरं का, विसरू नको." हे सगळं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यावर कधी चर्चाही झाली नाही. पंचवीस वर्षं चाललं आणि छान चाललं.

गेल्या वर्षी रंगरावांची मुलगी दिव्या त्या दिवशी शेडवर आली. ती हिंजवडीला नोकरी करते. लहानपणी माझ्या कडेला बसून बरकतच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खायची ती हीच. बरकत नारळ फोडत असताना तिने तीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिलं, "आमच्या शेडची खंडेनवमी, आमचे बरकतकाका." तिला अभिमान वाटला होता. मलाही वाटला. त्या व्हिडिओत माझं डोकं काय चमकत होतं!

तीन दिवसांनी तो व्हिडिओ परत आला. तोच नारळ, तोच दगड, पण खालचा मजकूर वेगळा. एका बाजूच्या ग्रुपवर लिहिलं होतं, आमच्या पूजेला हात लावायची याची हिंमत कशी झाली. दुसऱ्या बाजूच्या ग्रुपवर लिहिलं होतं, हा आपला राहिला नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर, वडापावच्या गाडीपाशी, शेजारच्या शेडात, जिथे म्हणून फोन वाजे तिथे तो नारळ पुन्हा पुन्हा फुटायचा. खाडकन. पत्र्याच्या भिंतीतून तो आवाज माझ्यापर्यंत यायचा आणि माझं ओतीव लोखंड आतून थंड पडायचं. मित्रांनो, त्या एका आवाजाची मला जितकी भीती बसली तितकी कशाचीच बसली नाही.

दिव्या धावत आली. तिने व्हिडिओ काढून टाकला होता, पण तो तिच्या हातात राहिलाच कुठे होता?

"काका, माझ्यामुळे झालं हे," म्हणताना तिला रडू आवरेना.

"तू चांगल्या मनानं टाकलंस बाळ," बरकत म्हणाला. "रडू नको. चार दिवसांत विसरतील."

त्याने आवाज हलका ठेवला होता. पण त्याचा तळहात माझ्या डोक्यावर होता, आणि तो घामाने ओला होता. जगाला तो फसवेल, मला कसं फसवणार? त्या आठवड्यात माप चुकलं. एका शाफ्टचं लोखंड त्याने जरा जास्तच कापलं आणि तो भंगारात गेला. रंगरावांनी नवा दांडा काढून दिला. मला मात्र धडकी भरली. माझ्यापुढे उभ्या माणसाचं मन थाऱ्यावर नसेल, तर मी त्याचं बोट नेऊ शकतो. मुद्दाम नव्हे. पण नेऊ शकतो.

मग बरकतच्या मेहुण्याचा, नदीमचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "भाईजान, मोहल्ल्यात सगळे विचारतायत. बस एक बार बोल दो, गलती हो गयी. एक छोटा सा व्हिडिओ, मी पाठवून देतो सगळ्यांना." नदीम वाईट माणूस नव्हता. त्याच्या आवाजात बहिणीच्या घराची काळजी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडच्या दारात पंधरावीस जण येऊन उभे राहिले. पुढे दिग्विजय. पंचविशीतला, वाढदिवसांच्या फ्लेक्सवर दिसणारा. हातात फोन.

"रंगरावकाका, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे," तो म्हणाला. "पण लोकांच्या भावना आहेत ना. या माणसाने इथं मशीनपाशी उभं राहून सांगायचं, की माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही. आम्ही रेकॉर्ड करतो आणि विषय संपवतो."

रंगरावांचा आवाज चढला. "पंचवीस वर्सं फोडतोय त्यो नारळ! तवा कुठं हुत्या भावना?"

"तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, काका."

बरकत माझ्यासमोर उभा होता. ते आले तेव्हा तो नवा शाफ्ट चकमध्ये आवळत होता. तो मान खाली घालून हळूच म्हणाला, "मालक, काल मोहल्ल्यातले, आज हे, दोघांचं म्हणणं एकच हाय. चूक झाली म्हण. फक्त कोणती चूक, ते दोघांचं येगळं."

मागून कुणीतरी घोषणा दिली. पत्रा थरथरला. चारसहा फोन वर आले आणि सगळे माझ्याकडे रोखले गेले. मी दिग्विजयकडे पाहिलं. तो सारखा मागे वळून बघत होता. मला वाटतं, त्यालाही भीती वाटत होती, आपल्या मागे उभ्या असलेल्यांची. मागे सरायची सोय कुणालाच नव्हती.

"बरकत," रंगराव ओरडले, "तू मशीन चालू कर! लक्ष देऊ नगंस. काम हाय आपल्याला. ज्यांना काम न्हाई त्यांनी बोलत ऱ्हावं!"

बरकत वळला. त्याचा हात हिरव्या बटणाकडे निघाला.

आणि चावी माझ्या चकमध्येच होती.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी पंजाबपर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो असतो. भिंतीवरचा खिळा रिकामा होता. बरकतचं पोट माझ्यापासून वीतभर अंतरावर, आणि पाच पावलांवर ती सगळी पोरं, चेहऱ्यासमोर फोन धरून. चावी कुणाकडे जाईल हे माझ्या हाती नव्हतं. बटण दाबलं की मी फिरणार. मला थांबता येत नाही. मी असाच घडवला गेलो आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली.

"काका, चावी! चावी काढा!"

बरकतचं बोट बटणावर टेकलं होतं, दाबलं गेलं नव्हतं. ओरडला होता दिग्विजय. फोन खाली पडला होता, आणि तो दोन ढांगांत माझ्यापाशी येऊन बरकतचं मनगट धरून उभा होता. चेहरा पांढराफटक. त्याच्याबरोबरच्यांना काय झालं तेच कळलं नाही. शेडमध्ये फक्त तिघांना कळलं, आणि मला.

बरकतने चावी काढली. खिळ्यावर अडकवताना ती दोनदा निसटली.

"मी पण टर्नर आहे, लेथच चालवतो," दिग्विजय हळू आवाजात म्हणाला. "चाकणला. तीन वर्षं झाली."

"मग तुला म्हाईत हाय," बरकत म्हणाला. 

एवढे दिवस सारा गाव बरकतबद्दल बोलत होता. त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. बाहेरच्यांपैकी कुणी त्याच्याशी बोललेला पहिला शब्द म्हणजे ती किंकाळी. मागच्यांपैकी एकाने विचारलं, "भाऊ, व्हिडिओचं काय?" दिग्विजयने फोन उचलला, काच तडकली होती. "राहू दे. चला," म्हणून तो निघाला.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं. पण लोक विसरले ते दुसरा विषय मिळाला म्हणून, कुणाला काही उमगलं म्हणून नव्हे. ग्रुप तेच आहेत. टपरी तीच आहे. दिग्विजय त्यानंतर एकदा येऊन दारात उभा राहिला, रंगरावांना नमस्कार केला आणि आत न येताच गेला.

यंदाची खंडेनवमी आली. आदल्या दिवशी बरकतने मला पुसलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसलं. नखाने कोरून कोरून कीस काढला, तेल दिलं, कापडाने माझं डोकं चमकवलं. मी खूश होतो, वेड्यासारखा. मग हात धुऊन तो रंगरावांसमोर उभा राहिला.

"मालक, उद्यापासून सुट्टी पाहिजे. उदगीरला जाऊन येतो."

"उद्या? आन् नारळ कोन फोडनार?"

बरकतने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुम्हीच फोडा की, मालक. तुमचंच मशीन हाय."

पंचवीस वर्षं तो मला माझं मशीन म्हणत आला होता. टपरीवर, फोनवर, गिऱ्हाइकांपुढे, "माझं मशीन खोटं माप देत नाही" म्हणायचा. रंगरावांनी मान हलवून सुट्टी दिली. कुसुमताईंनी दुसऱ्या दिवशी हळदकुंकू लावलं, हार घातला. रंगरावांनी नारळ उचलला, दाराबाहेरच्या दगडापर्यंत गेले आणि परत आले. नारळ त्यांनी माझ्या बाजूच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवला. "नियम म्हंजे नियम," म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

दसऱ्यानंतर तीन दिवसांनी बरकत परतला. त्याने पेटीवरचा नारळ पाहिला. कामाच्या हादऱ्याने खाली पडू नये म्हणून त्याच्याभोवती कापड गुंडाळून तो नीट बसवला. मग माझ्या डोक्यावर तळहात टेकवला. आधी दाराकडे पाहिलं, रस्त्यावर कुणी आहे का ते. ओठ हलले, पण आवाज आला नाही. तो शब्द मला ऐकू आला नाही.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, मला धर्मातलं काही कळत नाही. चावीचं मात्र कळतं. कुणाच्या श्रद्धेविषयी चारचौघांत तोंड उघडायच्या आधी, समोर कोण उभं आहे ते एकदा बघून घ्या. तुमचा शब्द सुटल्यावर कुणाला लागेल, हे तुमच्याही हाती राहत नाही. आणि ज्याच्याबद्दल बोलायचं आहे, त्याच्याशी आधी दोन शब्द बोला. तो तुमच्यापासून पाच पावलांवरच असतो.

नारळ अजून पेटीवर आहे. रंगराव फोडत नाहीत, बरकत मागत नाही. रोज सकाळी आठला शटर वर जातं. मी श्वास रोखून ऐकत असतो, डावी चप्पल घासत आत येते का.