सुलभाचा वर्ग

बायको सुलभा वारली त्याच महिन्यात श्रीरामने बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, एका माणसाला ठोसा लगावला. कारण अगदी फालतू, टेबल आधी कोणी धरलं यावरून जुंपली होती. पण हात जहाजाच्या इंजिनरूममध्ये जन्म काढलेला; समोरच्याचा ओठ फुटला. कोर्टाने दंड केला, त्याने निमूटपणे भरला, आणि पन्नाशी उलटल्यावर नावाला डाग लागला.

या परमुलखातल्या मराठी मंडळातला मुलांचा रविवारचा मराठीचा वर्ग सुलभानेच सुरू केलेला. "काका, आता तुम्हीच चालवा ना," असा मंडळाचं काम पाहणाऱ्या मीनलचा दरवर्षी फोन यायचा, आणि त्याचा जीव तुटायचा. कारण मुलांना शिकवणाऱ्याला फॉर्म भरावा लागे आणि त्यात विचारलेलं असे: कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का? इंजिनरूमच्या लॉगमध्ये लिहिलेलं खोडायचं नाही, ही त्याची आयुष्यभराची शिस्त. खोटं लिहिवत नव्हतं आणि खरं लिहून सुलभाच्या वर्गात तोंड दाखवायची लाज वाटत होती. मग तो म्हणायचा, "वेळ नाही गं."

वेळ तर खायला उठायचा. टेबलाला एकच खुर्ची, बोलायला टीव्ही. पुढे मीनलचे फोनही थांबले. मंडळात म्हणू लागले, म्हातारा शिष्ट आहे. शिष्ट कसला, बिचारा एकटेपणाने वाळत चालला होता.

रेकॉर्ड पुसायचं म्हणजे अर्ज, वकील, खेटे, साहेबाची सही, शिक्का, असं तो धरूनच चालला होता. सरकारदरबारी काही आपोआप सुटतं, हे आपल्या माणसाला पटवणार कोण? २०१६ साली कम्युनिटी क्लबात मोफत कायदा सल्ल्याची पाटी लागली, तेव्हाही तो दारातून परतला. मग एका संध्याकाळी मन घट्ट करून आत शिरला.

वकील होती मधुवंती, इथेच लहानाची मोठी झालेली, बोलताना इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' जोडणारी. तिने सगळं ऐकून घेतलं, पोलिसांकडून खात्री करून घ्यायला लावली, आणि पुढच्या भेटीत म्हणाली, "काका, पहिलाच गुन्हा, दंड छोटा, नंतर पाच वर्षं काही नाही. रेकॉर्ड केव्हाच स्पेंट झालंय, म्हणजे आपोआप पुसलं गेलंय. दोन वर्षं झाली."

"पण मी अर्ज कुठे केला?"

"तुमच्या केसमध्ये करायचाच नसतो, लाह. आता कोणी विचारलं तर सरळ 'नाही' म्हणा. ते खोटं नाही, लॉच तसं सांगतो."

"आणि शिक्क्याचा कागद?"

"नाही लागत, काका."

घरी येताच त्याने मीनलला फोन लावला. "वर्ग मी घेतो. फॉर्म पाठव."

"काका, वर्ग मागच्या दिवाळीत बंद पडला. शिक्षकच मिळेना. किती वेळा विचारलं होतं तुम्हाला..."

श्रीराम मटकन खुर्चीत बसला. कायद्याने दार केव्हाच उघडलं होतं, आणि हा आपला आतून कडी लावून बसलेला. सुलभाचा वर्ग त्याच्यामुळेच बुडाला होता. त्याला रडूच कोसळलं.

"काका? आहात ना?"

"आहे." त्याने डोळे पुसले. "तुझी जाई मराठी वाचते का गं?"

"कुठलं! 'मम्मी, सो हार्ड लाह,' म्हणते."

"रविवारी माझ्याकडे घेऊन ये तिला."

"नक्की आणते, काका."

फोन ठेवून श्रीरामने टेबलाकडे पाहिलं, किल्ली उचलली आणि दुसरी खुर्ची आणायला तो खाली उतरला.