साध्या शब्दांत

पहार तिसऱ्या स्क्रीनवर बसली आणि काचेचा चुरा टेबलभर उडाला. साहेब आधीच टेबलाखाली घुसले होते. कारखान्याच्या प्रेस मशीनवर जखमी झालेल्या कामगाराचा थोरला भाऊ पहार उपसून पुढच्या टेबलाकडे वळला, तशी सगळ्या प्रोग्रॅमरांची पाचावर धारण बसली.

"त्याची चार बोटं गेली," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "तुमच्या अहवालात लिहिलंय, त्यानं गाफीलपणे हात घातला. अठरा वर्षांत साधा ओरखडा नाही उठला त्याला. आता नुसता त्या हाताकडे बघत बसतो. म्हणतो, दादा, माझंच चुकलं असेल. मला सांगा, मशीन खाली आलं कसं?"

"मी सांगतो," म्हणत पंडित पुढे झाला.

दोन वर्षांपूर्वी तो विद्यापीठ सोडून या कारखान्यात आला होता, प्रोग्रॅमरांना फंक्शनल प्रोग्रॅमिंग नावाची प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत शिकवायला. पहिले सहा महिने सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्याने तोंड उघडलं की लोक चहाला उठत. शेवटी खोलीतली सगळ्यांत जुनी प्रोग्रॅमर, जिला सगळे ताई म्हणत, तिने त्याला फैलावर घेतलं. "पंडित, ते जडजंबाल शब्द घरी ठेवून या. दुसरा प्रोग्रॅम वाचत असेल ते आपण बदलायचं नाही, आपली वेगळी प्रत करायची. झालं! एवढंच तर म्हणायचंय ना तुम्हाला?" पंडितने ते वहीत उतरवून घेतलं होतं. तेव्हापासून लोक बसू लागले, प्रश्न विचारू लागले.

"हा सामायिक परिवर्तनीय अवस्थेचा परिणाम आहे," पंडित आता म्हणाला. "फलन शुद्ध नसेल, तर त्याची संदर्भ-पारदर्शकता..."

पहार त्याच्या खांद्यावर उतरली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"माणसासारखं बोल!"

पंडित गुडघ्यांवर आला. ओठ दाताखाली सापडून फाटला होता. "आनुषंगिक परिणाम," तो म्हणाला, "म्हणजे अवस्थेचं अनियंत्रित संक्रमण..."

ताईला कळलं, तो मुद्दाम अवघड बोलतोय. दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं होतं आणि पंडितला ती वाक्यं येत होती. पण ती बोलली गेली की पुढचा प्रश्न एकच होता, कुणी केलं. पंडित खोलीभर बघत होता, फक्त तिच्याकडे नाही. अपघातानंतर तिसऱ्याच दिवशी तिने चूक शोधली होती आणि एकट्या त्यालाच दाखवली होती. त्याने साहेबांकडे जायला सांगितलं. ती गेली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. तिला स्वतःची शिसारी आली.

दुसरा घाव जबड्यावर बसला. पंडित आडवा झाला. पहार पुन्हा वर गेली.

"त्याला सोडा! मी केलंय ते."

पहार हवेतच थांबली. ताई उठून उभी राहिली.

"मशीन खाली यायच्या आधी बघतं, आत हात आहे का. त्या दिवशी नोंद झाली होती, आहे म्हणून. बरोबर झाली होती. पण मशीननं ती वाचायच्या आत माझ्या प्रोग्रॅमनं ती पुसली, पुढच्या कामाची तयारी म्हणून. त्यासाठी वेगळी प्रत करायला हवी होती. मला घाई होती. मशीनला वाटलं, आत काही नाही."

"मग त्याचं काय चुकलं?"

"काही नाही. हात जिथं असायला हवा, तिथंच होता."

दार धाडकन उघडलं. तीन रखवालदार आत घुसले. पहिलं दांडकं भावाच्या मांडीमागे बसलं, दुसरं पाठीत. तो तोंडावर कोसळला, पहार घरंगळत गेली, आणि एकाने त्याच्या मानेवर गुडघा रोवला.

"ताई, आता एक अक्षर बोलायचं नाही!" टेबलाखालून साहेब ओरडले.

भावाचा गाल काचेच्या चुऱ्यात दाबला गेला होता. एकच डोळा दिसत होता, आणि तो तिला शोधत होता.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "सावकाश. मला त्याला जसंच्या तसं सांगायचंय."

दांडकं पुन्हा उगारलं गेलं. ताई मध्ये शिरली, काचेतच गुडघे टेकून बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.