डिझेल गेलं कुठं?

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. डिझेलवर चालणारी, छोटी, पांढरी, चार दारांची. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, हे मला ठाऊक आहे. मी टाकणार नाही. माझा रेडिएटर कोरडा पडून वर्षं झाली, तरी माझं डोकं अजून निवलेलं नाही. माझ्या पोटातल्या डिझेलवरून एका माणसाला चोर ठरवलं गेलं. तो चोर नव्हता. मी तिथेच उभी होते आणि मला तोंड नव्हतं. आज सांगते, नीट ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्याच एका बहिणीला बंद खोलीत नेऊन फिरत्या रोलरवर उभं केलं. आत एकच माणूस, तोही किडकिडीत. एसी बंद. समोर ना खड्डा, ना रिक्षा, ना आडवी आलेली म्हैस. तिची चाकं जागच्या जागी फिरली आणि एक आकडा निघाला: एका लिटरला बावीस किलोमीटर. आकडा खोटा नव्हता, हे मी मान्य करते. पण त्या खोलीत भिवंडीचा धामणकर नाका नव्हता. तिथे दोन हातगाड्या, यंत्रमागाच्या सूत गुंडाळलेल्या बिमांनी भरलेला टेम्पो आणि शेअर रिक्षांची रांग यांच्या मधून पहिल्या गिअरवर सरपटावं लागतं. तो आकडा पुढे आम्हा सगळ्या बहिणींच्या काचेवर चिकटवला.

कल्याणच्या शोरूममध्ये मला घ्यायला दौलतशेठ आले. हे भिवंडीजवळच्या दापोड्याचे. पूर्वी भातशेती होती, आता त्या जमिनीवर गोदामं उभी होती. शेठनी माझं इंजिन पाहिलं नाही, ब्रेक पाहिले नाहीत. एकच विचारलं, "देते किती?"

"बावीस, शेठ. डोळे झाकून," विकणारा म्हणाला.

"मंग हीच," शेठ म्हणाले आणि माझ्या बॉनेटवर थाप मारली. त्या विकणाऱ्याचा मला आजही राग येतो. दोन वाक्यं जास्त बोलला असता तर त्याची जीभ झिजली नसती.

घरी आल्यावर शेठच्या बायकोने, गोदूबाईंनी, मला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि हार घातला. शेठनी पेढे वाटताना सगळ्यांना बावीसचा आकडा सांगितला. मी लाजले होते. तेव्हा मला काय माहीत, याच आकड्याने पुढे काय होणार आहे ते.

माझ्यावर ड्रायव्हर म्हणून नामा आला. तो भिवंडीच्या आतल्या भागातल्या दिघाशी गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. असा ड्रायव्हर नशिबानेच मिळतो, हे मी छातीठोकपणे सांगते. तो गिअर असा बदलायचा की मला कळायचंही नाही. ब्रेक कमी, कारण लांबवर बघून आधीच पाय काढून घ्यायचा. टायरमधली हवा तो दर सोमवारी तपासायचा. नामाला एकच आस होती. दिघाशीच्या शाळेसाठी मुलांची ने-आण करायला गाडी येणार होती आणि ती चालवायला नामाला ठेवायचं, असं शाळेच्या मंडळींनी जवळजवळ ठरवलं होतं. फक्त दौलतशेठनी 'माणूस चांगला आहे' एवढा शब्द टाकायचा होता. गावातच काम, गावातलीच पोरं. गाडी पुसताना तो ठकुबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं बोलणं मला सांगायचा. ती म्हणायची, पहिल्या दिवशी मी तुमच्या गाडीला तोरण बांधीन.

आता शेठची सवय सांगते. ते कधीही मला बंद करू देत नसत. जमिनीच्या व्यवहाराला गेले की मागच्या सीटवर बसून, एसी लावून, मोबाइलवर तास तास बोलत. कुणाच्या हळदीला गेलो की मंडपाबाहेर मी चालूच. आपण आलोय हे घराच्या आतपर्यंत ऐकू गेलं पाहिजे ना! परत निघताना सीट थंडगार पाहिजे, म्हणून एसीही चालू. नामा दर वेळी वाकून विचारायचा, "शेठ, बंद करू का?"

"ऱ्हाऊ दे चालू," शेठ म्हणायचे.

हे इतक्या वेळा झालं की ते दोन शब्द माझ्या सायलेन्सरलाही पाठ झाले होते. मी जागेवर उभी राहून डिझेल पीत होते आणि किलोमीटरचा काटा तसूभर हलत नव्हता. शिवाय मागे चार धिप्पाड पाहुणे आणि डिकीत तांदळाच्या गोण्या. मी बावीस कुठून देणार? मी चौदा देत होते, आणि चौदा देतानाही माझा जीव जात होता.

दापोड्याच्या नाक्यावर संध्याकाळी चहाला मंडळी जमत. तिथे ॲव्हरेजच्या गप्पा. मित्रांनो, गाडीवाला माणूस ॲव्हरेज सांगताना जेवढ्या थापा मारतो तेवढ्या लग्न जमवतानाही मारत नसेल. शेठचे चुलतभाऊ केसरीनाथ यांची पेट्रोलची छोटी गाडी होती. ते मिशीवर हात फिरवून म्हणाले, "आपली पेट्रोल असून अठरा देते." ती बिचारी माझ्या शेजारीच उभी होती. "बारा गं बाई," ती मला म्हणाली, "तेही उतारावर."

पण शेठच्या मनाला ते अठरा लागलं. "माझी का देत न्हाय मंग?"

केसरीनाथ डोळा बारीक करून म्हणाले, "दौलत, गाडी देते. डायवर खातो."

दापोड्यात हे पटायला वेळ लागत नाही. गोदामांवर येणाऱ्या ट्रकच्या टाकीतून पाइप लावून डिझेल काढतात, ही बातमी तिथे रोजची. तीच मोठ्या ट्रकची अक्कल त्या दोघांनी माझ्यासारख्या छोट्या गाडीला लावली. शेठनी माझ्या टाकीच्या झाकणाला कुलूप बसवलं आणि त्याची किल्ली गळ्यातल्या सोन्याच्या साखळीत अडकवली. पंपावर गेलं की खाली उतरायचं, माझ्याशी गळाभेट घेतल्यासारखं वाकायचं आणि कुलूप काढायचं. पंपावरची पोरं तोंड फिरवून हसायची.

कुलूप लावूनही मी चौदाच दिले. एवढ्यावर कुणाही शहाण्या माणसाचा संशय फिटला असता. शेठ म्हणाले, "खालून काढतो."

तेव्हा नामाच पुढे झाला. म्हणाला, "शेठ, तुम्ही स्वता बसा. टाकी गळ्यापर्यंत भरा, सकाळच्या रिकाम्या रोडनी शहापूरला जाऊ, येऊ, न् त्याच पंपावर परत भरू. गाडी काय देते ती बघा."

आम्ही उजाडताना निघालो. नाशिकचा हायवे मोकळा. शेठना पहाटेचा गारवा पुरत होता म्हणून एसी बंद, शेठ पुढे बसलेले, मागे कुणी नाही, डिकी रिकामी. नामाने मला जसं चालवलं तसं मला कधीच कुणी चालवलं नव्हतं. कुठेही धसका नाही, कुठेही घाई नाही. चढावर तो माझ्याशी हळू बोलत होता, "चल गं, चल, आज माझी लाज राख." मी जीव ओतला. थेंब थेंब पुरवून प्यायले. नामाचं नाव राखायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

पंपावर परत टाकी भरली. शेठनी मोबाइलवर भागाकार केला आणि त्यांचे डोळे चमकले. बावीसला अगदी थोडं कमी पडत होतं. नामा हसला. मीही मनात हसले. झालं, फिटला संशय!

पण शेठनी मला थेट दापोड्याच्या नाक्यावर घ्यायला लावलं. तिथे ट्रकवाले, टेम्पोवाले, केसरीनाथ, सगळे चहा पीत उभे. शेठ उतरले आणि मोठ्याने ओरडले, "बघा रे! मी टाकीवर डोळा ठेवून बसलो तर गाडी बावीस देते. माझी नजर हटली का चौदा. मंग मधलं डिझेल गेलं कुठं? चोर हाय हा, चोर!"

नामाच्या तोंडचं हसू तिथेच विरलं. "शेठ," तो म्हणाला, "मी न्हाय काढलं. ठकूची आण. तुम्ही एसी लावून बसता तवा—"

"माझ्या एसीला बोलतोस? किल्ली टाक!"

त्याने किल्ली टाकली नाही. माझ्या बॉनेटवर हळू ठेवली आणि चालत निघाला. मित्रांनो, त्या क्षणी मला इतका संताप आला की पेट घ्यावासा वाटला. ज्याने मला सांभाळून चालवलं, त्याचं तेच सांभाळणं त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरलं. त्याने मला जरा वाईट चालवलं असतं तर तो सुटला असता. असा न्याय असतो का?

बातमी दिघाशीला नामाच्या आधी पोचली. शाळेची मंडळी म्हणाली, "बघू." शाळेची गाडी आली, ती दुसऱ्याच कुणाच्या हाती दिली. भिवंडीतही त्याच्या हाती किल्ली द्यायला कुणी तयार होईना. दिघाशीचा नामा म्हटलं की लोक म्हणत, तो डिझेलवाला ना?

आणि इकडे शेठ मला स्वतः चालवू लागले. मी बारावर आले.

दुपारची वेळ होती. अंगणात मी चालू, एसी चालू, शेठ आत बसून फोनवर. गोदूबाई परसातल्या चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या करत होत्या. त्या उठल्या, माझ्या काचेवर टकटक केली. शेठनी काच खाली घेतली.

"अवो, जरा तिकडं चुलीकडं बघा. भाकरी झाली, तवा उतरवला, पण लाकडां मी तशीच जळत ठेवली. वर काय बी न्हाय. सांजपर्यंत सगली लाकडां जातील. मंग मी काय बोलू, शेजारनीनं चोरली?"

शेठनी एसीकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. त्यांना कळलं, हे मी त्यांच्या हाताच्या घामावरून ओळखलं, कारण तो हात माझ्या स्टिअरिंगवर होता.

"त्या पोराच्या पोटावर पाय दिलात," गोदूबाई म्हणाल्या. "जावा, जाऊन बोला त्याला."

ते गेले, हे खरं. दुसऱ्या दिवशी आम्ही दिघाशीला नामाच्या दारात उभे राहिलो. शेठ मिठाईचा पुडा घेऊन उतरले. मला मात्र सवयीने चालूच ठेवलं.

नामा बाहेर आला. दारात ठकुबाई उभी राहिली, तिने 'या' म्हटलं नाही. शेठ इकडेतिकडे बघत म्हणाले, "नामा, झालं गेलं ते सोड. चल परत कामावर."

नामा पायरी उतरला. तो त्यांना ओलांडून माझ्याकडे आला, दार उघडून आत हात घातला आणि किल्ली फिरवली. मी बंद झाले. इतकं शांत झालं की आतल्या कोंबड्यांचं चोच मारणं ऐकू येऊ लागलं. त्याने किल्ली शेठच्या हातात दिली.

"आता बोला, शेठ. पण हितं नको. चोर नाक्यावर बोललात, ते मागं बी नाक्यावरच घ्या. सगळ्यांच्या समोर, तेवढ्याच आवाजात. मी उद्या सांजच्याला येतो."

"बघू," शेठ म्हणाले, आणि पुडा पायरीवर ठेवून निघाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नामा धुतलेला सदरा घालून नाक्यावर आला. चहा थंड झाला, दिवे लागले, टपरीवाल्याने बाकं आत घेतली. शेठ आले नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला अंगणातून बाहेरच काढलं नाही. हे नाक्यावरचं मला केसरीनाथांच्या गाडीने सांगितलं.

पुढे शेठना माझा कंटाळा आला की माझ्याकडे बघण्याची लाज वाटली, देव जाणे. मला त्याच नाक्यावर टपरीमागे आणून सोडलं. टायर बसले, आरसे गेले, टपरीवाला माझ्या टपावर फडकी वाळत घालतो. त्याचं मला दुःख नाही. गाडी म्हातारी होतेच.

मला राग आहे तो परवाच्या गोष्टीचा. शेठची नवी गाडी नाक्यावर थांबली. कुणीतरी विचारलं, "शेठ, देते किती?" शेठ मोठ्याने हसले. "कंपनी चोवीस बोलते, देते तेरा! अरे, या ट्राफिकमधी एसी लावून कोणाची गाडी कागदावरचं ॲव्हरेज देते काय?" सगळे हसले. केसरीनाथही हसले. त्याच जागी, तेवढ्याच आवाजात शेठ हे बोलले. आणि नामाचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही.

नामा आता पलीकडच्या गोदामात माल उतरवतो. नाक्यावरचा रस्ता जवळचा आहे, तरी तो मागून वळसा घालून जातो.

मित्रांनो, गाडी उभी असेल तर इंजिन बंद करा, टायरमध्ये हवा ठेवा, हे तर मी सांगणारच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कधी दापोड्याच्या नाक्यावर चहा प्यायला थांबलात तर मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं एवढंच म्हणा: दिघाशीच्या नामाने डिझेल चोरलं नव्हतं.