टाकव्याच्या चौकातला पांगारा

टाकवे बुद्रुकच्या चौकात यंदा ग्रामपंचायतीने फरशी बसवली, मधल्या पांगाऱ्याला गोल पार बांधला आणि त्यावर चौकाच्या इतिहासाची पाटी लावायचं ठरवलं. मजकूर लिहायचं काम अनिताकडे आलं. ती गावच्या शाळेत शिकवायची आणि बजरंग आबांची धाकटी सून होती. इतिहास तर सगळ्या गावाला पाठच होता. पांगारा लावला आबांच्या वडिलांनी, बाजीरावांनी. अनिताने चार ओळी लिहून कागद पर्समध्ये टाकला.

फाल्गुन लागला होता. पांगाऱ्यावर पान म्हणून नव्हतं, नुसते लाल फुलांचे झुबके आणि त्यांत साळुंक्यांचा कालवा. खाली बायडाबाई पळसाची फुलं घेऊन बसल्या होत्या. होळी जवळ आली की डोंगरावरच्या वाडीतून त्या टोपली घेऊन उतरायच्या. शाळेतल्या पोरांबरोबर रंग करायचा म्हणून अनिता फुलं घ्यायला थांबली. बोलता बोलता तिने कागद काढून त्यांना वाचून दाखवला.

फुलं भरता भरता बायडाबाईंचे हात थांबले.

“बाजीरावआबांनी लावला?”

“सगळे तसंच सांगतात, मावशी.”

“सांगू द्या. लावला माज्या सासऱ्यानं. गेणू नाव त्यांचं.”

मग त्यांनी सांगितलं. टाकव्यात नवी नवी एस.टी. येऊ लागली तेव्हा चौक म्हणजे उघडं माळरान होतं. वाडीची माणसं मोळ्या घेऊन उतरायची आणि गाडीची वाट बघत तासन् तास उन्हात उभी राहायची. गावातल्या ओट्यांवर त्यांना कुणी बसू देत नसे. एकदा गेणूची थोरली पोरगी उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली. पुढच्या खेपेला गेणू मोळीऐवजी पांगाऱ्याची फांदी खांद्यावर टाकून उतरला.

“पांगारा फांदीवर लागतो, आन् काट्यामुळं गुरं तोंड लावीत न्हाईत,” बायडाबाई म्हणाल्या. “मी भांडाया न्हाई बोलले, बाई. तुमी वाचलं म्हनून बोलले.”

अनिता घरी आली. हे आबांना सांगायचं कसं? ब्याऐंशी वर्षांचा माणूस, वडिलांचं नाव निघालं की अजून ताठ बसायचा. पण कागद तसाच देऊन टाकणं तिला जमेना. संध्याकाळचा चहा देताना तिने सगळं सांगून टाकलं.

आबांनी कप खाली ठेवला.

“मी सात-आठ वर्षांचा आसंन,” ते म्हणाले. “गेणू खड्डा खांदत व्हता. आमचे आबा वट्यावरनं वरडले, कुनाला इचारून रोवतोस रं? त्यो म्हनला, सावलीला कुनाला इचारायचं? आबा काय बोलले न्हाईत. आत निघून गेले.”

“म्हणजे लावला कुणी, आबा?”

“गेणूनंच लावला. आमच्या आबांनी काय केलं, तर उपटला न्हाई.” आबा किंचित हसले. “पुढं लोकं आबांचं नाव घ्याया लागली. त्ये न्हाई म्हनले न्हाईत, आन् मीबी न्हाई.”

“मग मी काय लिहू?”

“झालं तसं लिही, पोरी.”

ग्रामपंचायतीत थोडी कुरकुर झाली. आबा काठी टेकत स्वतः गेले, अर्धा तास बसले आणि कुरकुर मिटवून आले.

पाडव्याला सकाळी पाटी उघडली. अनिताने ती मोठ्याने वाचली: ‘एस.टी.ची वाट पाहणाऱ्या माणसांना सावली मिळावी म्हणून वाडीच्या गेणू यांनी हा पांगारा लावला. बाजीराव यांनी तो राहू दिला.’ बायडाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, “नाव कुटं हाय?” अनिताने त्यांचं बोट धरून गेणूच्या नावावर ठेवलं. त्या अक्षरांवरून दोनदा बोट फिरवून त्या पारावर टेकल्या आणि पदराने चेहरा पुसत बसल्या.

माणसं पांगल्यावर आबा त्यांच्या शेजारी येऊन बसले.

“बायडाबाय, एक इचारू? फांदी लावली, पर पानी कुटनं घालायचा गेणू? तवा चौकात नळ न्हाई, काय न्हाई.”

बायडाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. “सांगितलं तर रागावचाल.”

“ह्या वयात कुनावर रागावू?”

“तुमच्याच हिरीवरनं, आबा. तुमी समदी दुपारची जेवाया बसली की.”

आबा इतके हसले की त्यांना ठसकाच लागला. “तरीच!” ते डोळे पुसत म्हणाले. “आमची आय रोज जेवताना म्हनायची, ह्या टायमाला रहाट कोन वडतंय?”