मुठीतलं लोखंड

माबुची किनुएने वडिलांच्या तलवारीचं मुठीतलं लोखंड घासलं ते मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर. मागच्या ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं. आधी भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी वापरली, मग छताचं काम करणारा सुतार विसरून गेला होता तो पॉलिशपेपर. दोन तास लागले. घरात ती एकटीच होती, आणि हे कुणाला सांगायचं नाही असं तिने घासायच्या आधीच ठरवलं होतं.

तिला एक साल शोधायचं होतं.

वडील, कॅप्टन माबुची तेइझो, त्याच वर्षी वसंतात वारले. युद्धानंतरची चाळीस वर्षं त्यांनी मुराकामी गावातल्या या घरात काढली आणि एक गोष्ट मुलांना पुन्हा पुन्हा सांगितली. सैन्यात असताना कमरेला होती ती तलवार वरून लष्करी, पण आतून घरची. मूठ, म्यान, मुठीपुढची परज सगळं अधिकाऱ्यांच्या नियमाप्रमाणे. पातं मात्र पणजोबांचं, तेंपो काळातलं, शंभराहून अधिक वर्षं जुनं, आणि मुठीत दडलेल्या भागावर ते घडवल्याचं साल कोरलेलं. पंचेचाळीसच्या सप्टेंबरात, युद्ध हरल्यावर, घरोघरच्या तलवारी जमा होत होत्या तेव्हा त्यांनी ती लपवली. कुठे, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. ऑक्टोबरात छत उसवलं तेव्हा सुताराला ती तुळईच्या वर सापडली, तेलकट कागदात गुंडाळलेली. मुठीच्या टोकाला माबुची घराण्याचं चांदीचं चिन्ह होतं.

किनुएने त्याच दिवशी पोलीस चौकीत नोंद केली. हवालदाराने म्यानातून पातं काढून लांबी मोजली आणि पावतीवर लिहिली: सहासष्ट सेंटिमीटर चार मिलिमीटर. आता ती तलवार प्रांताच्या तपासनिसांपुढे न्यायची होती. पातं हाताने घडवलेलं निघालं तर ती कलावस्तू. नोंदणीचा कागद मिळतो आणि तलवार घरी येते. युद्धाच्या वर्षांत कारखान्यात काढलेलं निघालं तर ते नुसतं हत्यार. पोलीस ते ठेवून घेतात आणि त्याचे तुकडे करतात. किनुएला तलवार घरी हवी होती. वडिलांचा चष्मा त्यांच्याबरोबर गेला होता, कपडे तिने वाटून टाकले होते. दाखवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

मग धाकटा भाऊ सोहेई आला. बाजारपेठेत त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं आणि वीस वर्षं तो लष्करी तलवारींच्या मागे होता. मुठीला बांधलेल्या गोंड्याच्या रंगावरून तो हुद्दा सांगायचा. ओळख पटवायला म्हणून तो तलवार घेऊन गेला आणि तीन दिवसांनी परत घेऊन आला.

"ताई, घाई करू नकोस," तो म्हणाला. "या महिन्याच्या तपासणीला नको नेऊस."

"का?"

"थंडी आहे."

"तलवारीला?"

"बरं, तुझी मर्जी," असं म्हणून तो चहा न पिता गेला. सोहेई चहा न पिता कधी जात नसे.

किनुएने पोस्टात चौतीस वर्षं काढली होती. समोरचा माणूस उत्तर द्यायच्या आधी किती वेळ घेतो, हे बघायची तिला सवय होती. सोहेईने थंडीचं उत्तर फार लवकर दिलं होतं. तिने शिवणाची टेप काढून पातं मोजलं. सहासष्ट चार. पण त्याने तिचं समाधान झालं नाही, कारण कारखान्यातली पाती जवळजवळ एकाच मापाची असतात हे सोहेईनेच नवीन वर्षाच्या जेवणाला, मोचीचा, तांदळाच्या चिकट वडीचा, तुकडा तोंडात असताना, सगळ्यांना ऐकवलं होतं. माप जुळेल असं दुसरं पातं शोधणं त्याला जड नव्हतं.

तिने चॉपस्टिकच्या टोकाने मुठीतली बांबूची खुंटी ढकलून मूठ काढली. आतलं लोखंड काळंकुट्ट होतं, काही वाचता येत नव्हतं. म्हणून घासलं. एका बाजूला कारागिराचं दोन अक्षरांचं नाव उमटलं. नावाच्या डाव्या अंगाला, खुंटीच्या भोकाच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा खड्डा होता. तो गंज म्हणून तिने जास्त घासला, जाईपर्यंत घासला. दुसरी बाजू कोरी निघाली. साल कुठेच नव्हतं.

म्हणजे पातं बदललं होतं. तिने मूठ परत बसवली, तलवार कापडात बांधली आणि सोहेईला फोन केला नाही. तपासनिसांनीच हे सांगितलं की मग बघू, असं तिने ठरवलं.

तपासणी गुरुवारी होती, प्रांताच्या शहरातल्या एका सभागृहात. रॉकेलच्या शेगडीभोवती दहा-बारा माणसं कापडात बांधलेल्या तलवारी मांडीवर घेऊन बसली होती. किनुएचा नंबर सातवा होता. टेबलामागे उसामी नावाचे वयस्क तपासनीस होते, बाजूला नोंद करणारी कारकून मुलगी. उसामींनी पितळी हातोडीने खुंटी काढायच्या आधी मूठ दोन्ही हातांत धरून तलवार हलवली, कानाजवळ नेली.

"घट्ट आहे," ते म्हणाले. "मूठ याच पात्यासाठी कोरलेली. दुसरं पातं घातलं की खुळखुळतं."

"म्हणजे पातं बदललेलं नाही?"

"मूठ केली त्या दिवसापासून तर नाही. का, कुणी बदललं असं वाटतंय?"

उसामींनी मूठ उतरवली आणि आतलं पांढरं झालेलं लोखंड बघून हातोडी खाली ठेवली.

"बाई, हे कुणी साफ केलं?"

"सापडली तशीच आणलीय."

"चाळीस वर्षं छतात होती असं लिहिलंय तुम्ही. छतात कोण घासत होतं? उंदीर?"

कारकून मुलीने मान खाली घातली. उसामींनी भिंग घेतलं. नावाच्या डाव्या बाजूला त्यांनी अंगठा फिरवला, थांबले, परत फिरवला.

"इथे खळगा आहे. सगळीकडे सारखं घासलंय आणि इथे जास्त. कारखान्याचा शिक्का नेमका इथे असतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "महिन्याला एकदोन तरी येतात असे. शिक्का काढायचा आणि म्हणायचं, पणजोबांची आहे."

"मी काही काढलेलं नाही."

"मी तुम्हाला म्हटलं नाही. पण या गंजावरूनच आम्ही वय सांगतो. तो गेला, आता मी कशावरून सांगू? पात्यावर गंजाची तांब चढलीय, पोलादाचे पदर दिसत नाहीत, धारेचं पाणी दिसत नाही. मला हे कारखान्याचं वाटतं. पण वाटतं एवढ्यावर मी कुणाची तलवार कापायला पाठवत नाही." त्यांनी मुलीला लिहायला सांगितलं: निर्णय राखून. "जानेवारीत परत या. घासण्याआधीचा फोटो, ठसा, काहीतरी आणा. नाही आणलं तर नोंदणी नाही, आणि तलवार इथेच ठेवावी लागेल."

परतीच्या गाडीत किनुएने दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहिल्या. मूठ खुळखुळत नव्हती. म्हणजे सोहेईने पातं बदललं नव्हतं. आणि तरी सोहेईला काहीतरी माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दुकानात गेली. बाहेर शेजाऱ्यांच्या वळचणीला मिठातले सॅल्मन मासे उलटे टांगलेले होते. सोहेई डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात वाकला होता.

"या, चौकशी अधिकारी," तो मान वर न करता म्हणाला. "गेलीसच ना तपासणीला?"

"तुला कुणी सांगितलं?"

"स्टेशनवर हात्सुकोने बघितलं. एवढं लांब गाठोडं छातीशी धरून दुसरं कोण जाणार?"

हात्सुको, त्याची बायको, आतून चहा घेऊन आली. "वन्सं, बसा. हे कालपासून जेवले नाहीत नीट. तुम्ही गेलात म्हणून की काय, मला सांगत नाहीत. मला तर कुणीच काही सांगत नाही."

ती आत गेल्यावर किनुए म्हणाली, "घासण्याआधीचा ठसा पाहिजे म्हणतात."

सोहेईने भिंग काढलं. "घासण्याआधीचा? कुणी घासलं?"

"मी."

"कशाने?"

"पॉलिशपेपरने."

"पॉलिशपेपरने," त्याने सावकाश म्हटलं. "वीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगतोय, मुठीतल्या लोखंडाला बोट लावू नका, घामसुद्धा लागू देऊ नका. आणि माझी सख्खी बहीण. का पण?"

"साल शोधत होते. साल नव्हतं. मला वाटलं, तू बदललंस."

"वाटलंच मला," सोहेई म्हणाला. रागावला नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. तो उठला, घड्याळांच्या काचा ठेवायच्या खणातून एक पातळ कागद काढून त्याने काउंटरवर पसरला. लोखंडावर कागद ठेवून वरून शाईची वडी घासून घेतलेला ठसा होता. दोन अक्षरांचं नाव, खुंटीचं भोक, आणि नावाच्या डावीकडे, भोकाच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढ्या वर्तुळात एक अक्षर. शिक्का.

"पहिल्याच दिवशी कळलं मला," तो म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"तू बदललंस म्हणाले असते."

"मग? म्हणून म्हटलं, थांब. तुला आणखी थोडे दिवस राहू दे ती."

"पोलिसांत नोंद झालेली तलवार किती दिवस राहणार होती?"

त्याने कागद स्वतःकडे फिरवला आणि शिक्क्यावर नख ठेवलं. "उसामीच होते ना? ते ठसा बघतात, मानतात. हाच ठसा परत काढतो. नाव तेच, भोक तेच, इथे फक्त गंज दाखवायचा. तासाभराचं काम. शिक्का नव्हता, बहिणीने अडाणीपणाने घासलं, एवढंच दिसेल. तलवार घरी."

किनुएने चहाचा कप खाली ठेवला. "तासाभराचं?"

"फार तर दीड."

"आधी कुणासाठी केलंयस?"

सोहेईने भिंग परत डोळ्याला लावलं. "चहा गार होतोय तुझा."

एका तासात कागदावरून शिक्का काढता येतो तर एका तासात घालताही येतो, हे तिच्या लगेच मनात आलं. या माणसाचा कुठलाही कागद खरा कशावरून? तिने ठसा उचलून खिडकीपाशी धरला. पण तो खड्डा तिने स्वतः बघितला होता, नेमक्या त्या जागी, तेवढाच. गंज समजून तिने तो घासून सपाट केला होता आणि त्याबद्दल जगात कुणाला सांगितलं नव्हतं. आणि तलवार घालवणारा खोटा शिक्का सोहेई कशाला घालेल? कागद खरा होता.

मग खोटं कोण बोललं? वडिलांनी घरचं पातं कधी विकलं, की लष्करी मूठ बसवून देणाऱ्याने बदलून दिलं आणि त्यांना कळलंच नाही, की तसं पातं या घरात कधी नव्हतंच? तिने तिन्ही शक्यता तपासल्या. तिन्ही बसत होत्या आणि विचारायला कुणी नव्हतं.

"हा मी नेते," ती म्हणाली.

"हाच? ताई, हा नेलास तर त्याच दिवशी गेली ती."

"दुसरा नेला तर ती घरात येईल आणि रोज मी तिच्याकडे बघून तुझा विचार करीन. कुणाकुणाच्या घरात तुझे तासाभराचे कागद आहेत याचा."

"मोठी आली," सोहेई पुटपुटला. पण कागद सुरकुतू नये म्हणून त्याने तो पुठ्ठ्याच्या नळीत घालून दिला.

जानेवारीत बर्फामुळे गाडी चाळीस मिनिटं उशिरा पोचली. या वेळी तिचा नंबर तिसरा होता. उसामींनी ठसा टेबलावर पसरला, त्याच्या बाजूला लोखंड ठेवलं, खळग्यावरून शिक्क्यावर आणि शिक्क्यावरून खळग्यावर नजर फिरवली.

"हा तुम्ही स्वतःहून आणलात," ते म्हणाले.

"घासलं मीच होतं. भावाने पातं बदललं असा संशय आला म्हणून. शिक्का मला गंज वाटला."

"सापडली तशीच आणली म्हणाला होतात."

"खोटं बोलले होते."

उसामींनी मान हलवली आणि मुलीला निकाल सांगितला: कारखानी पातं, नोंदणी नाही. मूठ, परज आणि म्यान घरी नेता येतील. पातं इथे ठेवावं लागेल. "पहिल्या दिवशी न घासता आणली असतीत तर एका मिनिटात झालं असतं," ते म्हणाले. "उगाच दोन महिने तुमचे गेले."

"दोन महिने घरात होती," किनुए म्हणाली.

मुलीने पोच लिहून पुढे केली. किनुएने चष्मा लावून वाचली. एक तलवारीचं पातं, लांबी सहासष्ट सेंटिमीटर चार मिलिमीटर, माबुची किनुए यांच्याकडून जमा.

"हे एवढंच? असं पातं कुठलंही असेल."

"नेहमी एवढंच लिहितो," मुलगी म्हणाली.

"दोन अक्षरी नाव लिहा. एक भोक. भोकाच्या वर डावीकडे शिक्का, मालकाने घासलेला. आणि कापल्याची तारीख मला पत्राने कळवा."

मुलीने उसामींकडे पाहिलं. "बाई, आम्ही ते कापणार नाही असं वाटतंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर संशय नाही," किनुए म्हणाली. "पण लिहा."

उसामींनी मुलीला खूण केली. तिने नवी पोच घेतली आणि पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली. मागे चौथ्या नंबरचा माणूस खोकला. किनुएने नवी पोच दोनदा वाचली, थैलीतून आपला सहीचा शिक्का काढून लाल शाईत दाबला, आणि आपल्या नावापुढे उमटवला.