चंडोल जगला

काचेच्या घुमटातला चंडोल चोच उघडून आडवा झाला आणि घुमटातली हवा उपसणाऱ्या पंपाच्या दांड्यावरचा जोनास विथरचा हात थबकला. याच इमारतीत वरच्या खोलीत त्याची बायको प्रुडन्स महिनाभर श्वासासाठी अशीच तोंड उघडून पडली होती. भोवती विज्ञान मंडळाचे वीस-बावीस विद्वान सभासद वाकून बघत होते. कुणाच्या लक्षात यायच्या आत जोनासच्या अंगठ्याने खालची चावी केसभर सैल केली. हवा आत शिरली आणि पाखरू उठून बसलं.

झालं. अध्यक्ष सर एव्हरार्ड स्वतः वैद्य. हवेवाचून जीव जगतो हे त्यांचं लाडकं मत, आणि त्यावर अख्खं लंडन हसायचं. त्यांनी तिथल्या तिथे दोन सभासदांच्या सह्या घेऊन प्रयोग नोंदवहीत चढवला. अकरा वर्षं पंप ओढणाऱ्या जोनासला कोण विचारतो? पगारी माणसाची साक्ष मंडळात चालत नसे, आणि त्याचं नाव त्या वहीत एकदाही आलेलं नव्हतं. वहीवरची धूळ पुसताना तो पानं चाळून बघायचा, हे मात्र खरं.

चार दिवसांनी सर प्रुडन्सला बघायला वर आले. माणूस भला, तिला फुकट तपासायचा. जाताना म्हणाले, खिडकी लावून घे, गारठा बाधतो. हवा लागत नाही हे आपण पाहिलंच. येत्या सोमवारी ते इस्पितळातल्या छातीच्या रोग्यांच्या सगळ्या खिडक्या खिळे मारून बंद करणार होते.

त्यांची पाठ वळताच जोनासने खिडकी सताड उघडली आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याला रडू आवरेना.

"मग खाली जाऊन सांग," प्रुडन्स म्हणाली. शब्दागणिक तिला थांबावं लागत होतं.

"नोकरी जाईल, प्रू. तिच्यामागं ही खोली जाईल. तुला या थंडीत नेऊ कुठं?"

"माझी खिडकी तू उघडलीस. त्यांची कोण उघडणार?"

गुरुवारच्या सभेत मागची नोंद वाचून झाली, तसा जोनास पुढे आला.

"चावी मी सैल केली होती, साहेब. पाखरू हवेवरच जगलं."

सर एव्हरार्डनी नोंदवही मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा कर. चावी घट्ट आवळून."

तोच चंडोल आणला गेला. जोनासने दांडा ओढला, ओढतच राहिला. डोळे मिटायची फार इच्छा होती, पण त्याने ते मिटले नाहीत. चंडोल मेला. खिडक्या ठोकायचा बेत तिथेच रद्द झाला, आणि जोनासला शनिवारपर्यंत खोली सोडायचा हुकूम मिळाला. सगळे गेल्यावर त्याने वही उघडली. शाई अजून ओली होती: मागील प्रयोग बाद. कारण, पंपावरील नोकर जोनास विथर याचा हलगर्जीपणा.

तो वर आला तेव्हा प्रुडन्स जागीच होती.

"वहीत माझं नाव आलं," तो म्हणाला.

"काय लिहिलंय?"

"पूर्ण नाव लिहिलंय."

मग सामान बांधायला घेण्याआधी त्याने तिच्या पाठीशी उशा रचल्या आणि तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं.