नाव घातलेला डबा

सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके दिसले तेव्हा ऋताने मान वर केली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. ठिपके तिथेच होते, काळ्या फरशीवर हिरवी रांगोळी सांडावी तसे. नमुना गाईच्या मेंदूचा होता. हिरवे ठिपके म्हणजे विषाणू: गाय रेबीजने मेली होती.

ती गाय कलकत्त्यातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात टेम्पोतून आली होती. तोंडातून लाळेच्या तारा गळत होत्या, पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. खाली उतरवेपर्यंत ती मेली. मालकाने पत्त्याच्या जागी 'बागबाजार, कालव्याकाठी' एवढंच सांगितलं आणि गाय तिथेच टाकून निघून गेला.

रीतीप्रमाणे आता ऋताचा अहवाल पशुवैद्यक खात्याच्या मुख्य कचेरीत जाणार, तिथून आरोग्य खात्याकडे, तिथून वॉर्डात. गाईला काही घाई उरली नव्हती. ज्यांच्या हाताला तिची लाळ लागली होती त्यांना मात्र होती. लक्षणं दिसण्याआधी लस मिळाली तर माणूस वाचतो, दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. मधला काळ कुणाला महिने देतो, कुणाला फार थोडे दिवस.

ऋताने साहेबांच्या कानावर घातलं आणि कागदाची वाट न पाहता डॉ. पारमिता घटकला फोन लावला. पारमिता माणसांची डॉक्टर, महापालिकेच्या आरोग्य विभागात होती. एस्प्लनेडजवळच्या एका कंटाळवाण्या शिबिरात दोघी शेजारी बसल्या होत्या, तेव्हापासूनची ओळख.

"बोल, बर्गी," पारमिता म्हणाली. मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासून बंगालात राहून गेलेलं ते नाव ती ऋताला लाडाने लावायची.

"एक गाय पॉझिटिव्ह आलीय. रेबीज. बागबाजारची."

"शहरात गोठ्यांना बंदी आहे, गोठे नाहीतच गो. कागदावर तरी नाहीत."

"म्हणूनच मालक पळाला. तू ये, पण महापालिकेची गाडी आणू नकोस. गुरं उचलायला आलेत असं वाटून सगळे पांगतील."

"मग काय, तुझ्या पूर्वजांसारखी घोड्यावरून येऊ?"

"रिक्षानं ये."

गोठा सापडायला दुपार झाली. कालव्याकाठच्या बंद गोदामामागे, ताडपत्रीखाली काही गाई आणि एक वासरू बांधलेलं होतं. मालक रामपरीक्षण यादव, जन्म बिहारचा, हयात इथली. दोघींना पाहून तो आधी म्हणाला की गुरं त्याची नाहीत. मग म्हणाला की पाव्हण्याची आहेत. शेवटी ऋताने वासराच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "याचीच आई होती ना?" तेव्हा त्याची बायको पदराने डोळे पुसायला लागली.

हळूहळू हकिगत बाहेर आली. मध्ये कधीतरी गाईला कुत्रं चावलं होतं, जखम भरली, सगळे विसरले. ती व्यायली, चांगलं दूध देऊ लागली. मग एके दिवशी खाणं बंद, लाळ सुरू.

"आम्हाला वाटलं, घशात काहीतरी अडकलंय," रामपरीक्षण हिंदीत म्हणाला. "आंब्याची कोय वगैरे. पण काही नव्हतं अडकलेलं."

"लाळ कुणाच्या हाताला लागली?" पारमिताने विचारलं.

"कुणाच्या नाही. आम्ही लांबच होतो."

ऋता वासराकडे पाहत होती. ती तशीच, आवाज न चढवता म्हणाली, "काही अडकलेलं नव्हतं, हे कसं कळलं?"

बायको नवऱ्याकडे बघू लागली.

"घशात हात घातल्याशिवाय ते कळत नाही," ऋता म्हणाली. "हात कुणाचा होता?"

"माझा नाही. आईशप्पथ, मॅडम."

"तुमचा नाही, पण कुणाचा तरी होता. तो माणूस मरेल, भैया."

तो जमिनीकडे बघत राहिला. त्याला भीती वाटत होती हे उघड होतं, पण त्या गप्प बसण्यात कुणालातरी पाठीशी घालणंही होतं. पारमिताने कपाळाला हात लावला. ऋता नळावर हात धुवायला गेली, आणि तिथे तिची नजर खिळली.

नळाशेजारी विटेवर एक स्टीलचा डबा उपडा वाळत होता. लहानसा, कडीचा. तिने उचलून पाहिला. डब्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरं होती: सौ. निर्मला मनोहर देवस्थळी.

हे नाव ऋताच्या ओळखीचं होतं, कलकत्त्यातल्या मराठी घरांपैकी एक.

निर्मलाकाकू जाऊन काही वर्षं झाली होती. मनोहरकाका विमा कंपनीतून निवृत्त होऊन बागबाजारातच राहिले. मुलगा अमेय पुण्याला बोलावून थकला. गेल्याच पंधरवड्यात काका असाच, याच जोडीतला दुसरा डबा घेऊन तिच्या दारात उभे होते. आत केशर-वेलची घातलेला, सुरी न लावताही कडा धरून राहिलेला खरवस. कलकत्त्यात खरवस! घरच्यांनी डबा चाटूनपुसून रिकामा केला होता. "काका, चीक कुठे मिळाला?" तिने विचारलं होतं. "सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही सगळे मराठी तिथे रांग लावाल."

तो खरवस याच गाईच्या चिकाचा होता. मग डोकं चालू लागलं: चीक वाफवलेला होता, वाफेत हा विषाणू टिकत नाही. खरवसाची भीती नव्हती. भीती या डब्याची होती. काकांनी दुधासाठी घेतलेला डबा इथे परत आला होता, म्हणजे ते रिकामा डबा न देण्याच्या रिवाजाने खरवसाच्या वड्या घेऊन पुन्हा आले होते. आणि कोकणात गुरांमध्ये वाढलेला तो माणूस गाईला घास अडकलाय असं पाहून हात बांधून उभा राहिलाच नसता.

"चल," ती पारमिताला म्हणाली. "मला माणूस माहीत आहे."

काकांनी दार उघडलं. उजव्या हाताच्या बोटांवर कापडाची पट्टी होती.

"अगं ऋता! आणि या कोण?"

"काका, हाताला काय झालं?"

"काही नाही. डबा उघडताना कापलं."

"नळावरचा डबा बघून आलेय मी."

काका आत वळले, खुर्चीवर बसले. "दाढ लागली तिची," ते म्हणाले. "कोपरापर्यंत हात घातला होता. काही सापडलं नाही. साबणानं धुतलंय मी, हळद लावलीय. आणि गाय होती ती, पिसाळलेलं कुत्रं नव्हे."

"तिच्या मेंदूत रेबीज सापडलाय. मी स्वतः पाहिलाय." ऋता त्यांच्यासमोर बसली. पुढचा प्रश्न पहिल्या लक्षणांचा होता. "बोटांत मुंग्या येतात? जखमेपाशी खाज, आग?"

काकांनी मूठ मिटली, उघडली. पारमिता भाषा न कळूनही श्वास रोखून उभी होती.

"नाही," ते म्हणाले. "ठणकतंय थोडं. जखम ठणकणारच."

"मग आत्ता उठा. लस, आणि ती काम करायला लागेपर्यंत जखमेत सीरम. आजच."

"नाही येणार."

"काका!"

"दवाखान्यात विचारतील, कुठली गाय. मी परीक्षणला शब्द दिलाय की माझ्या तोंडून त्याच्या गोठ्याचं नाव निघणार नाही. गुरं गेली तर तो खाईल काय? आणि त्यानंही माझं नाव घेतलं नाही ना? बघ."

आता ऋताला दोन्हीकडच्या गप्प बसण्याचा अर्थ लागला. दोघे एकमेकांना वाचवत होते, आणि त्यात दोघेही मरू शकत होते. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. कुणाला काही कळणार नाही, एवढं म्हटलं की काका उठले असते. तिच्या ओठांवर ते आलंही.

"पत्ता मला कळवावा लागेल, काका," ती म्हणाली. "माझ्या खात्याला. उरलेल्या गाईंना आणि वासराला लस द्यायचीय, भोवतालच्या कुत्र्यांना द्यायचीय. गोठे उठवणारं खातं वेगळं आहे, मी त्यांच्याकडे जाणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

पारमिताने हिंदीत विचारलं, काय चाललंय. ऋताने सांगितलं. पारमिता काकांसमोर येऊन उभी राहिली आणि त्यांना बंगालीत 'काका' अशी हाक घालून म्हणाली, "मेशोमोशाय, मी गुरांची डॉक्टर नाही आणि ही माणसांची नाही. म्हणून दोघी आलोय. आज मी फक्त सुया मोजणार आहे, गाई नाही."

काका ऋताकडे पाहत राहिले. "लबाडी केली असतीस तर आलो असतो कदाचित," ते म्हणाले, "पण मग आजाराचंही खरं मानलं नसतं." त्यांनी डाव्या हाताने फोन उचलला. "परीक्षण, सबको लेकर अस्पताल आओ. भाभी को भी. हाँ, मैं बोल रहा हूँ, मैं. तुम नहीं आओगे तो मैं भी सुई नहीं लूँगा."

आणि त्यांनी ते खरं करून दाखवलं. दवाखान्यात सीरम तयार होतं, परिचारिका तयार होती, काका बाही खाली ओढून बाकावर बसून होते. पारमिता येरझाऱ्या घालत होती. "तुझे हे बर्गी लोक!" ती दातओठ खात म्हणाली. ऋता दाराकडे बघत होती. रामपरीक्षण गोठा सोडून पळाला असेल, हा विचार ती मनातून काढू शकत नव्हती.

उन्हं कलली तेव्हा तो फाटकापाशी दिसला. बाहेर महापालिकेचा ट्रक नाही ना, हे त्याने रस्त्याच्या दोन्ही टोकांना नीट पाहून घेतलं आणि मग बायको आणि गोठ्यात राबणारा भाऊ यांना घेऊन आत आला. हातात तो डबा होता, उकळत्या पाण्यातून काढलेला. तो त्याने काकांच्या शेजारी ठेवला. काकांनी बाही वर केली.

जखमेच्या कडांमध्ये सीरम टोचताना काकांनी डोळे घट्ट मिटले. मग दंडात लस. मग रामपरीक्षणची पाळी, तो सुई पाहून घाबरला तेव्हा काका म्हणाले, "गाय सँभालते हो, सुई से डरते हो?" बायको पहिल्यांदा हसली.

"पुढचे डोस चुकवायचे नाहीत," पारमिता म्हणाली. "एकही."

"आता सगळं ठीक ना?" काकांनी ऋताला विचारलं.

"वेळेत आलात असं मला वाटतं," ती म्हणाली. याहून जास्त तिला ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नाही ते ती बोलत नसे.

परिचारिकेने पाण्याचा पेला आणला. काकांनी तो डाव्या हाताने ओठांशी नेला. रेबीज झालेल्या माणसाच्या घशाखाली पाणी उतरत नाही; ऋताचे डोळे त्यांच्या गळ्यावर खिळले होते. पेला कलला, कंठमणी वर गेला, क्षणभर वरच राहिल्यासारखा वाटला, आणि खाली आला. घोट उतरला.

"काय बघतेस अशी?"

"काही नाही," ऋता म्हणाली. "अजून एक घोट घ्या, काका."